बुलपप की नेहमीची रायफल? घरात एक माणूस डावखुरं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनजवळ राहता, ग्रीन कार्ड हातात आलंय, पहिली रायफल घ्यायची आहे. मित्राची टॅव्होर एक्स-९५ ही बुलपप रेंजवर चालवून पाहिलीत आणि ती मनात भरली, पण बाकीचे सगळे नेहमीच्या मांडणीची एआर-१५ घे म्हणताहेत. वापर मुख्यतः रेंजवर, थोडा घराच्या संरक्षणासाठी. आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की पत्नी डावखुरी आहे, तीही शिकणार आहे.

माझ्या दृष्टीने ती शेवटची ओळच सगळ्यात महत्त्वाची. तिच्यावर येतो, पण आधी दोन्ही रायफली वापरताना हाताला काय जाणवतं ते सांगतो, म्हणजे माझं उत्तर तुम्हाला पडताळून पाहता येईल.

मी सांगलीत एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफलवर नेम धरायला शिकलो. टेक्सासला येऊन अठरा वर्षं झाली. शनिवारी क्लबवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा राहतो, त्यामुळे स्वतःच्या गोळ्यांपेक्षा दुसऱ्यांच्या चुका जास्त पाहिल्यात. माझ्याकडे एआर आधीपासून होती, एक्स-९५ नंतर आली. दोन्ही अजून आहेत आणि दोन्ही नियमित चालतात.

नेहमीच्या रायफलमध्ये मॅगझिन आणि चेंबर (गोळी सुटताना काडतूस बसतं ती जागा) ट्रिगरच्या पुढे असतात आणि मागे दस्ता. बुलपपमध्ये हे सगळं यंत्र उचलून दस्त्यात बसवलेलं असतं, ट्रिगर पुढे येतो. नळी तेवढीच राहते, रायफल आखूड होते. एक्स-९५ ची नळी साडेसोळा इंच आणि एकूण लांबी सव्वीस इंचांच्या जराशी वर. सोळा इंची नळीची एआर, सरकता दस्ता पूर्ण लांब केला तर पस्तीस इंचांच्या आसपास जाते. फरक वीतभराचा आहे.

ही वीत का महत्त्वाची, तर या रायफलींच्या ५.५६ मिलिमीटर गोळीची सगळी मदार वेगावर असते. नळी एक इंच कापली की वेग सेकंदाला साधारण २५ ते ५० फुटांनी उतरतो. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑग या रायफलने १९७७ च्या सुमारास हाच मुद्दा जगाला दाखवला. तिची नळी ५०८ मिलिमीटर, म्हणजे अमेरिकन एम-१६ एवढीच, पण एकूण लांबी ७९० मिलिमीटर. एम-१६ मात्र जवळपास मीटरभर. चिलखती गाडीच्या पोटात दाटीवाटीने बसलेल्या सैनिकाला हा फरक गुडघ्यांत जाणवतो.

कागदावर लांबी दिसते, पण रेंजवर आधी जाणवतो तो तोल. एक्स-९५ मोकळी असताना साधारण ३.६ किलो, माझी एआर तिच्यापेक्षा अर्ध्या किलोने तरी हलकी. तरी माझी बायको एक्स-९५ जास्त वेळ खांद्याला लावून ठेवू शकते. भरलेली कळशी कमरेवर घेतली की पेलते, पण हात लांब करून साधा तांब्या धरला तरी मिनिटभरात दंड भरून येतो. बुलपपचं वजन खांद्याजवळ आणि पिस्तूल-ग्रिपवर येतं. दार उघडायला, टॉर्च घ्यायला किंवा लहान मुलाला मागे सारायला एक हात मोकळा करावा लागला, तर एक्स-९५ एका हातावर टिकते. एआरचं तोंड हळूहळू खाली झुकू लागतं. तुम्हाला मित्राच्या रायफलने भुरळ घातली ती बहुधा याच तोलामुळे, आणि ती भुरळ खरी आहे.

आता ट्रिगर. बुलपपची सगळ्यात जुनी तक्रार हीच.

नेहमीच्या रायफलमध्ये तुमचं बोट ज्या पात्यावर असतं ते आणि हॅमर (घाव घालून काडतूस उडवणारा भाग) अडवून धरणारा खटका एकाच पेटीत, एकमेकांना लागून असतात. बुलपपमध्ये खटका आणि हॅमर मागे, चेंबरपाशी, आणि बोट पुढे. मध्ये एक लांब सळई लागते. बोट सळई हलवतं, सळई खटका हलवते. सायकलचा ब्रेक आठवा. केबल लांब आणि जुनी असली की दांडी दाबल्यावर आधी काहीच होत नाही, मग हळूहळू चाक धरल्यासारखं वाटतं. सळई किंचित वाकते, घासते, आणि खटका नेमका कधी सुटणार ते बोटाला आधी कळत नाही. नव्या नेमबाजाचं बोट मग अंदाजाने झटका देतं आणि गोळी खाली डावीकडे जाते. शनिवारी दर दुसऱ्या टार्गेटवर मला हे दिसतं.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. त्या खेळातल्या रायफलींचा ट्रिगर श्वासानेही सुटेल असा हलका आणि स्वच्छ असतो. तो खेळ वेगळा, आपल्या रायफली वेगळ्या. पण नेम म्हणजे शेवटी बोट आणि खटका यांच्यातला संवाद, हे दोन्हीकडे तेवढंच खरं. आधीच्या टॅव्होरचा ट्रिगर जड आणि लांब होता. एक्स-९५ मध्ये तो बराच सुधारला, पाच-सहा पौंडांवर आला. तरीही मध्यम प्रतीच्या एआर ट्रिगरसारखं काच तुटल्यागत सुटणं तिथे नाही. बाजारात तयार ट्रिगर-पॅक मिळतात, ते बसवायलाही सोपे आहेत, पण त्याचे पैसे वेगळे. शंभर यार्डांवर टेकून मारताना माझ्या हातून एआरचे पाच होल रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या वर्तुळात बसतात, एक्स-९५ चे त्याच्या दुप्पट पसरतात. माणसाच्या आकाराच्या टार्गेटला काही फरक पडत नाही. पण शिकणाऱ्याला पडतो, कारण चूक रायफलची की आपली हे त्याला कळलं पाहिजे.

मॅगझिन बदलणं. एआरमध्ये मॅगझिन डोळ्यांसमोर, दोन हातांच्या मध्ये असतं. एक्स-९५ मध्ये ते काखेखाली. बटण बोटाने दाबायचं ते एआरसारखंच ग्रिपच्या वर, हे त्यांनी चांगलं केलंय. पण नवं मॅगझिन घेतलेला हात छातीला घासत मागे न्यायचा, न बघता तोंड शोधायचं आणि वर ठोकायचं. मॅगझिनच्या मागेच बोल्ट, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा भाग, सोडण्याची पट्टी आहे. मॅगझिन ठोकलेल्या हाताचा अंगठा तसाच वर सरकवला की ती दाबली जाते आणि बोल्ट खाडकन पुढे जातो. ही हालचाल अंगवळणी पडली की फार सुरेख वाटते. मला साधारण दोन महिने लागले, रोज रात्री रिकाम्या मॅगझिनने दहा मिनिटं. पण पालथं झोपून मारताना तीच गोष्ट अवघड होते. मॅगझिन दंडाला आणि जमिनीला अडतं, रायफल आडवी केल्याशिवाय निघत नाही. टेबलावर वाळूची पिशवी दस्त्याखाली ठेवायला जावं तर तिथे नेमकं मॅगझिन.

साफसफाईत एक्स-९५ ने मन जिंकलं. मागचा रबरी बटपॅड एक पिन ढकलली की दारासारखा उघडतो आणि बोल्ट, पिस्टन, स्प्रिंग असा सगळा संच एका ओढीत बाहेर येतो. पिस्टनवर चालत असल्याने चेंबरमध्ये काजळी कमी. एआरमध्ये गॅस थेट बोल्टच्या घरात येतो, त्यामुळे तिथे घासावं लागतं. अर्थात एआरचा सुटा भाग अमेरिकेच्या कुठल्याही गावात मिळतो, एक्स-९५ चा मागवावा लागतो. किमतीचंही तसंच. साधी, विश्वासू एआर पाच-सातशे डॉलरमध्ये येते. एक्स-९५ त्याच्या तिपटीच्या आसपास. उरलेल्या पैशांत चांगला रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन), एक क्लास आणि हजारभर काडतुसं येतील. शिकणाऱ्याला या तीन गोष्टी रायफलपेक्षा जास्त देतात.

आता तुमच्या पत्नीकडे.

बुलपपमध्ये चेंबर गालाखाली असतं, आणि रिकामी पुंगळी उजव्या बाजूने, गालाच्या जवळून बाहेर उडते. उजव्या खांद्यावर रायफल असेल तर ती तुमच्यापासून दूर जाते. तीच रायफल डाव्या खांद्याला लावली की पुंगळीचा रस्ता तोंडासमोरून जातो. काही वर्षांपूर्वी मी एका डावखुऱ्या मित्राला एक्स-९५ 'दोनच गोळ्या' म्हणून हातात दिली. पहिली पुंगळी नाकासमोरून गेली. दुसऱ्या गोळीला त्याने पकड नीट करायला मान थोडी पुढे घेतली आणि गरम पितळ ओठाच्या कोपऱ्याला लागलं. डाग आठवड्यात गेला. पण चटका बसला तेव्हा तो दचकला, रायफलचं तोंड हललं, आणि बोट अजून ट्रिगरवर होतं. ते क्षणभराचं हलणं मी अजून विसरलेलो नाही. रायफल मी दिली होती, चूक माझी. तेव्हापासून माझी एक्स-९५ मी डावखुऱ्या माणसाच्या हातात देत नाही.

ब्रिटिश सैन्याच्या एल-८५ या बुलपपमध्ये हे आणखी कडक आहे. तिची बोल्ट ओढायची मूठ उजवीकडे असते आणि गोळीबरोबर मागेपुढे धावते, त्यामुळे सैनिक डावखुरा असला तरी त्याला उजव्या खांद्यावरूनच शिकवतात.

एक्स-९५ डावी करता येते. वेगळा डावा बोल्ट विकत घ्यायचा, पुंगळी पडते त्या खिडकीचं झाकण आणि मूठ बाजू बदलून लावायची. पण मग ती तुमच्यासाठी उलटी झाली. घरात एकच रायफल आणि दोन माणसं दोन हातांची असतील, तर दर वेळी कुणाचा तरी गाल धोक्यात. यावर बुलपपमध्येच उत्तरं शोधली गेलीत: केल-टेकची आरडीबी पुंगळी खाली टाकते, एफएनची पीएस-९० सुद्धा खाली, एफएनच्याच एफ-२००० मध्ये पुंगळी एका वेगळ्या बोगद्यातून पुढे सरकत नेऊन टाकली जाते. कुणाला दोघांत एकच बुलपप हवीच असेल तर मी आरडीबी हातात घेऊन बघा म्हणेन. एआरमध्ये मात्र प्रश्नच येत नाही. चेंबर चेहऱ्याच्या बरंच पुढे, मागे पितळ वळवणारा उंचवटा, आणि दोन्ही बाजूंना सेफ्टी असलेल्या एआर सर्रास मिळतात. मॅगझिन दोन्ही रायफलींना तेच चालतं, त्यामुळे पुढेमागे एक्स-९५ घेतलीत तरी मॅगझिनांचा खर्च वाया जाणार नाही.

गालाखाली चेंबर असण्याची आणखी एक बाजू आहे. एक्स-९५ ५.५६ आणि .३०० ब्लॅकआउट अशा दोन्ही काडतुसांत मिळते, आणि दोन्हीचं मॅगझिन एकच. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस काही वेळा ५.५६ च्या चेंबरमध्ये शिरतं. मग जाड गोळी बारीक नळीत घुसवायचा प्रयत्न होतो आणि रायफल फुटते. हे कुठल्याही रायफलमध्ये भयंकर. बुलपपमध्ये ते गालाखाली, डोळ्यापासून चार बोटांवर होईल. म्हणून दोन्ही काडतुसं एका घरात ठेवू नका, ठेवलीत तर मॅगझिनांवर रंगीत पट्ट्या लावा, आणि चष्मा नसेल तर बुलपप खांद्याला लावू नका.

घराच्या संरक्षणाचं म्हणाल तर आखूड रायफल बोळात वळते हे खरं. पण नळीचं तोंडही कानाच्या वीतभर जवळ येतं, आणि बंद खोलीत ५.५६ चा आवाज कानांना कायमचा धक्का देऊ शकतो. सायलेन्सर लावला तर आवाज आटोक्यात येतो, आणि सायलेन्सर लावलेली एक्स-९५ तरीही लांबीला बिनसायलेन्सरच्या एआरएवढीच भरते. हा बुलपपचा मोठाच फायदा. फक्त सायलेन्सरमुळे मागे ढकलला जाणारा गॅस थेट नाकाडोळ्यांत येतो, कारण पुंगळीची खिडकी गालापाशीच आहे. ऑगस्टच्या उकाड्यात एक मॅगझिन सलग मारलं की डोळे चुरचुरतात. एआरमध्येही गॅस येतो, पण तो कमी झोंबतो.

कायद्यातही एक बदल झालाय, जो हा हिशोब हलवतो. सोळा इंचांपेक्षा आखूड नळी किंवा सव्वीस इंचांपेक्षा आखूड रायफल म्हणजे 'शॉर्ट बॅरल्ड रायफल'. १९३४ च्या कायद्याखाली तिची नोंदणी करावी लागते आणि इतकी वर्षं २०० डॉलर कर होता. बुलपपची अर्धी मोहिनी याच कराने तयार केली होती: कागदपत्रांशिवाय आखूड रायफल. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्य झाला, सायलेन्सरवरचाही. नोंदणी, ठसे, फोटो हे सगळं अजून आहे. म्हणजे ज्यांना आखूडपणाच हवाय त्यांना साडेदहा इंची नळीची एआर रीतसर नोंदवण्याचा रस्ता स्वस्त झाला. गोळीचा वेग मात्र नळीबरोबर कमी होतो, तो कुठल्याही कागदाने परत मिळत नाही. आणि एक्स-९५ घेणाऱ्यांसाठी सावधगिरी: ती सव्वीस इंचांच्या रेषेच्या जेमतेम इंचाचा आठवा भाग पलीकडे आहे. पातळ बटपॅड लावला की रेषा ओलांडली, नोंदणीशिवाय तो गुन्हा. कॅलिफोर्नियात तर अर्धस्वयंचलित सेंटरफायर रायफलला तीस इंचांची अट आहे, तिकडे ही रायफल अशीच्या अशी चालत नाही.

तुमचा एखादा मित्र एच-१बीवर असेल आणि सोबत येत असेल तर हेही बघा. नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतूस बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे, आणि रेंजवर हातात घेणंही त्यात येऊ शकतं. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हा नेहमीचा अपवाद. आपल्या मंडळींपैकी अनेकांना हे माहीत नसतं आणि हौसेपोटी व्हिसा पणाला लागतो. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात, तुम्हाला ही मनाई लागू नाही.

'आपले कमांडो टॅव्होर वापरतात' असंही तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे, नौदलाचे मार्कोस आणि इतर विशेष दलांकडे ती आहे, आता ग्वाल्हेरजवळ मालनपूरला तयारही होते. पण त्यांचं काम बघा: जहाजातले अरुंद जिने, हेलिकॉप्टरचं दार, गाडीतून उतरणं. आणि त्यांचा सराव आपल्या कुणालाच शक्य नाही. सैन्यांचा एकूण कलही बघण्यासारखा आहे. फ्रान्सने १९७८ पासून फामास ही बुलपप वापरली आणि २०१७ पासून एचके-४१६ या नेहमीच्या मांडणीच्या रायफलकडे वळला. न्यूझीलंडने ऑग सोडून एआर घराण्यातली रायफल घेतली. चीनने क्यूबीझेड-९५ या बुलपपनंतरची नवी रायफल नेहमीच्या मांडणीची केली. ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया मात्र अजून ऑगच्या वंशावरच आहेत. आजच्या एआरना सरकता दस्ता, दोन्ही हातांची बटणं आणि हवी ती दुर्बीण सहज बसते, म्हणून बरीच सैन्यं परतली असं मला वाटतं. यामुळे बुलपप वाईट ठरत नाही. ज्याला ती मनापासून हवी आहे आणि जो तिच्यासोबत दोन महिने घालवेल, त्याला ती भरभरून देते. मी माझी विकणार नाही.

तर माझं उत्तर: पहिली रायफल एआर-१५ घ्या, सोळा इंची नळी, दोन्ही बाजूंना सेफ्टी असलेली. वर्षभर दोघांनी मिळून ती चालवा. नंतर एक्स-९५ फक्त तुमच्यासाठी घ्या, पत्नीचा तिच्याशी संबंध येऊ देऊ नका.

त्याआधी एका शनिवारी, भाड्याने रायफली देणाऱ्या रेंजवर दोघं जा. एक्स-९५ तुम्ही घ्या, एआर दोघांनी. रायफल रिकामी आहे याची खात्री करून तीन गोष्टी करून बघा: डोळे मिटून मॅगझिन बदला, एका हातावर रायफल मिनिटभर धरा, आणि ट्रिगर दहा वेळा इतका सावकाश दाबा की तो सुटल्यावर दचकायला व्हावं. मग गोळ्या भरा. पत्नीच्या हातात एआर द्याल तेव्हा मॅगझिनमध्ये एकच काडतूस असू द्या, तुम्ही त्यांच्या मागे नव्हे, उजव्या बाजूला हातभर अंतरावर उभे राहा. पुंगळी तुमच्या शर्टावर येईल, त्यांच्या गालावर नाही. दुसऱ्यांदा दोन काडतुसं, तिसऱ्यांदा पाच.